पदवीवरचा शिक्का आणि गव्हाच्या तीन पेंढ्या : हार्वर्ड विद्यापीठाच्या मुद्रेची गोष्ट

शाळा सोडल्याचा दाखला असो, सोसायटीची पावती असो की ग्रामसभेचा ठराव, गोल शिक्का उमटल्याशिवाय आपण कागद खिशात घालत नाही. सही कुणाचीही असू शकते, शिक्का मात्र संस्थेचा असतो. माणूस बदलतो, शिक्का तोच राहतो. छत्रपती शिवाजी महाराजांची राजमुद्रा आपल्या प्रत्येकाला माहीत आहे. ती कागदावर उमटली की तो शब्द राज्याचा झाला, एवढं तिचं वजन होतं.

विद्यापीठांचंही तसंच असतं. पदवीच्या कागदावर मुद्रा नसेल तर तो कागद नुसता कागदच. पण त्या मुद्रेत जे चित्र असतं, ते कुठून आलं, कुणी ठरवलं, त्याचा अर्थ काय, हे सहसा कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांनी ते विचारलं. त्या चित्रात गव्हाच्या तीन पेंढ्या होत्या. पेंढ्या कुणाच्या, याचा शोध घेता घेता गोष्ट उसाच्या फडात आणि गुलामगिरीत जाऊन पोचली. २०१६ मध्ये ते चिन्ह उतरवावं लागलं. ही सगळी माहिती आज क्रमानं बघू.

आधी मुद्रा आणि चिन्ह यातला फरक

मुद्रा म्हणजे अधिकृत शिक्का. तो पदवीवर आणि विद्यापीठाच्या महत्त्वाच्या दस्तऐवजांवर उमटतो. लॅटिन भाषेत त्याला सिगिलम म्हणतात. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांच्या शिक्क्यांवर कडेनं हा शब्द कोरलेला दिसतो.

ढालीच्या आकाराचं चिन्ह ही दुसरी गोष्ट. युरोपात सरदार घराण्यांची अशी चिन्हं असायची. कुणाच्या ढालीवर सिंह, कुणाच्या गरुड, कुणाच्या धान्याची पेंढी. चिन्ह बघून घराणं ओळखायचं. पुढं कॉलेजांनी हीच पद्धत उचलली. बऱ्याच ठिकाणी देणगी देणाऱ्या घराण्याचं चिन्ह कॉलेजनं आपलं म्हणून लावलं. हार्वर्डच्या मुख्य मुद्रेतही मधोमध ढालच आहे.

तीन पुस्तकं आणि एक शब्द

हार्वर्डची स्थापना १६३६ ची. तेव्हा अमेरिका नावाचा देशच नव्हता. इंग्लंडमधून आलेल्या लोकांची मॅसॅच्युसेट्स ही वसाहत होती. तिथल्या सभेनं कॉलेजसाठी ४०० पौंड मंजूर केले. १६३८ मध्ये जॉन हार्वर्ड नावाचा तरुण धर्मोपदेशक वारला. त्यानं आपली निम्मी मालमत्ता आणि सुमारे ४०० पुस्तकं या कॉलेजला ठेवली, म्हणून १६३९ मध्ये कॉलेजला त्याचं नाव दिलं गेलं.

१६४३ मध्ये कॉलेजच्या कारभाऱ्यांनी मुद्रेचं चित्र ठरवलं. ढालीवर तीन उघडी पुस्तकं आणि त्यांवर विभागून लिहिलेला एकच लॅटिन शब्द : व्हेरितास. म्हणजे सत्य. जुन्या चित्रात वरची दोन पुस्तकं आपल्याकडं तोंड करून आणि खालचं पालथं होतं. माणसाच्या बुद्धीला सगळंच कळत नाही, काही ज्ञान देवाच्याच हातात असतं, असा त्या पालथ्या पुस्तकाचा अर्थ सांगतात. आजच्या मुद्रेत तिन्ही पुस्तकं सुलटी आहेत.

गंमत अशी, की हे चित्र ठरलं आणि तसंच दप्तरात पडून राहिलं. १६५० मध्ये जी मुद्रा केली तिच्यावर ख्रिस्ताच्या गौरवासाठी अशा अर्थाचे शब्द आले. १६९२ च्या मुद्रेवर ख्रिस्त आणि चर्चसाठी अशा अर्थाचे शब्द आले. सत्य हा शब्द जवळजवळ २०० वर्षं कुणाच्या ध्यानातही नव्हता.

१८३६ मध्ये कॉलेजला २०० वर्षं होणार होती. तेव्हाचे अध्यक्ष जोसाया क्विन्सी कॉलेजचा इतिहास लिहीत होते. जुनी दप्तरं चाळताना त्यांना १६४३ चं ते रेखाटन सापडलं. सोहळ्यात ते निशाणावर झळकलं. १८४३ मध्ये क्विन्सींच्याच काळात ती अधिकृत मुद्रा झाली. पण नंतरचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट यांना ती पटली नाही. १८४७ मध्ये पुन्हा जुनी धार्मिक शब्दांची मुद्रा आली. शेवटी १८८५ मध्ये मधला मार्ग निघाला. आत पुस्तकांवर सत्य आणि भोवती ख्रिस्त व चर्चसाठीचे शब्द.

म्हणजे मुद्रा एकदा ठरली की कायमची, असं काही नसतं. प्रत्येक पिढी आपल्याला काय मोठं वाटतं ते तिच्यात घालते. एव्हरेटना धर्म मोठा वाटला, क्विन्सींना सत्य. पुढं जे वादळ आलं ते समजायला एवढं ध्यानात ठेवा.

पेंढ्या आल्या कुठून

१९३६ मध्ये हार्वर्डला ३०० वर्षं झाली. सोहळ्यासाठी प्रत्येक शाखेला आपापलं चिन्ह असावं असं ठरलं. ला रोझ नावाच्या जाणकारानं ती तयार केली. कायद्याच्या शाखेसाठी, म्हणजे हार्वर्ड लॉ स्कूलसाठी त्यानं एक ढाल काढली. वरच्या पट्ट्यात विद्यापीठाची तीन पुस्तकं आणि सत्य हा शब्द. खाली निळ्या रंगावर गव्हाच्या तीन सोनेरी पेंढ्या. १९३७ मध्ये विद्यापीठाच्या कारभारी मंडळानं ती मंजूर केली.

बघणाऱ्याला वाटावं, काय सुंदर चिन्ह आहे. शेती, सुगी, कष्टाचं फळ. आपल्यासारख्या शेतकऱ्याला तर पेंढी बघून आपलेपणाच वाटेल.

पण त्या पेंढ्या शेतकऱ्याच्या नव्हत्या. त्या रॉयल घराण्याच्या ढालीवरच्या होत्या. आयझॅक रॉयल (धाकटा) नावाच्या जमीनदारानं मृत्युपत्रात हार्वर्डला जमिनी ठेवल्या होत्या. कायदा किंवा वैद्यक शिकवणारा एक प्राध्यापक त्यातून नेमावा अशी अट होती. तो १७८१ मध्ये इंग्लंडमध्ये वारला. त्या देणगीतून १८१५ मध्ये हार्वर्डमध्ये कायद्याचं प्राध्यापकपद सुरू झालं आणि १८१७ मध्ये लॉ स्कूल उभं राहिलं. ला रोझनं चिन्ह करताना पहिला देणगीदार म्हणून रॉयलच्या पेंढ्या घेतल्या.

आता प्रश्न असा, की रॉयलकडं एवढा पैसा आला कुठून?

गहू चित्रात, ऊस रानात

धाकट्या रॉयलचा बाप, त्याचंही नाव आयझॅक रॉयलच, मूळचा मॅसॅच्युसेट्सचा. तो तरुणपणी कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा बेटावर गेला. हे बेट साधारण २८० चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याहूनही लहान. सगळं बेट उसाखाली. तिथं त्यानं उसाचा मळा केला. साखर आणि रम विकली, त्याचबरोबर माणसंही विकली. आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेल्या माणसांचा तो व्यापार होता.

उसाचं काम काय असतं हे आपल्याला दुसऱ्यानं सांगायला नको. तोडणी, मोळ्या बांधणं, वाहतूक, उभ्या उन्हात पाचटाचे ओरखडे. अँटिग्वात हे सगळं गुलाम करत होते, मजुरी शून्य. ऊस चरकात घालून रस काढायचा आणि तांब्याच्या मोठ्या काहिलीत आटवायचा. गुऱ्हाळ बघितलेल्याला ते लगेच ध्यानात येईल. त्या बेटावर चरक पवनचक्कीवर फिरत. कॅरिबियन मळ्यांवर रात्रीबेरात्री काम करताना हात चरकात ओढला जायचा, म्हणून शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असायची. चरक थांबवण्याआधी हात तोडता यावा म्हणून.

१७३६ मध्ये अँटिग्वातल्या गुलामांनी उठावाचा बेत केल्याचा संशय मळेवाल्यांना आला. त्यानंतर जे झालं ते भयंकर होतं. ८८ जणांना मृत्युदंड दिला गेला, त्यातल्या ७७ जणांना जिवंत जाळलं. रॉयलच्या मळ्यावरचा मुकादम हेक्टर, तोही गुलामच होता, त्यालाही असंच मारलं.

पुढच्याच वर्षी, १७३७ मध्ये, थोरला रॉयल बेट सोडून मॅसॅच्युसेट्सला परतला. मेडफर्ड गावात त्यानं ५०० एकरांवर जमीन आधीच घेऊन ठेवली होती. येताना त्यानं किमान २७ गुलाम बरोबर आणले. १७३९ मध्ये तो वारला आणि सगळं धाकट्याकडं आलं. मेडफर्डच्या त्या वाड्यावर वेगवेगळ्या वर्षांत मिळून ६० हून जास्त माणसं गुलाम म्हणून राबली.

म्हणजे चिन्हावर गव्हाच्या पेंढ्या होत्या, पण पैसा उसाचा होता. आणि तो ऊस ज्यांनी तोडला त्यांची कुठलीच खूण त्या ढालीवर नव्हती.

बेलिंडाची खूण

या माणसांपैकी एकीची हकिगत कागदावर उरली आहे. तिचं नाव बेलिंडा सटन. बारा वर्षांचीही नसताना तिला पश्चिम आफ्रिकेतल्या व्होल्टा नदीच्या मुलुखातून पळवून आणलं होतं. रॉयलच्या घरी तिनं जवळपास ५० वर्षं काम केलं.

१७७५ मध्ये अमेरिकेत इंग्रजांविरुद्ध लढाई पेटली. रॉयल वाडा सोडून निघून गेला. त्याची मालमत्ता राज्यानं ताब्यात घेतली. बेलिंडा म्हातारी झाली होती. तिच्यावर आजारी मुलगी अवलंबून होती.

१७८३ च्या फेब्रुवारीत बेलिंडानं मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडं अर्ज केला. तेव्हा ती ७० च्या आसपास होती. तिचं म्हणणं साधं होतं. ही संपत्ती माझ्याही कष्टानं उभी राहिली आहे, त्यातला काही भाग मला जगायला द्या. तिला लिहिता येत नव्हतं. अर्ज दुसऱ्यानं लिहून दिला, सहीच्या जागी तिनं आपली खूण केली. आपल्याकडं अंगठा देतात तसं.

विधिमंडळानं रॉयलच्या मालमत्तेतून तिला वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर केले. ऐकायला बरं वाटतं. पण पैसे नियमित आलेच नाहीत. तिला पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले. मंजुरी झाली पण पैसे पडले नाहीत, हा अनुभव कसा असतो हे अनुदानासाठी हेलपाटे मारलेल्या माणसाला वेगळं समजवायला नको.

त्याच मालमत्तेतून हार्वर्डला मिळालेल्या जमिनी मात्र व्यवस्थित पोचल्या आणि त्यांवर कायद्याची शाळा उभी राहिली. देणगीदाराच्या पेंढ्या चिन्हावर आल्या. बेलिंडाची खूण अर्जावरच राहिली.

चिन्ह उतरवायचं की ठेवायचं?

जवळजवळ ८० वर्षं त्या पेंढ्यांबद्दल कुणी फारसं बोललं नाही. २०१५ हे वर्ष निराळं होतं. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन विद्यापीठातला सेसिल ऱ्होड्सचा पुतळा विद्यार्थ्यांच्या आंदोलनामुळं हटवला गेला. त्यावरून धडा घेऊन हार्वर्ड लॉ स्कूलच्या विद्यार्थ्यांनीही चळवळ सुरू केली. रॉयलच्या पेंढ्या आमच्या चिन्हावर नकोत, ही मागणी होती.

नोव्हेंबर २०१५ मध्ये लॉ स्कूलच्या प्रमुख मार्था मिनो यांनी १२ जणांची समिती नेमली. तिच्यात प्राध्यापक, विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि कर्मचारी असे सगळे होते. मार्च २०१६ मध्ये समितीनं १० विरुद्ध २ मतांनी कौल दिला की चिन्ह बदलावं. विद्यापीठाच्या कारभारी मंडळानं त्याच महिन्यात ते मान्य केलं.

पण विरोधातली मतं नीट समजून घेण्यासारखी आहेत. त्या दोघांपैकी एक होत्या ऍनेट गॉर्डन-रीड. त्या स्वतः कृष्णवर्णीय, कायद्याच्या प्राध्यापक आणि गुलामगिरीच्या इतिहासाच्या मोठ्या अभ्यासक. त्यांचं म्हणणं असं, की पेंढ्या काढू नका, त्यांचा अर्थ बदला. या पेंढ्या रॉयलच्या नाहीत, राबलेल्या माणसांच्या आहेत, असं आपण सांगू. पेंढ्यांच्या वर सत्य हा शब्द आहेच. चिन्ह काढलं की लोकांचा प्रश्न संपेल, आणि प्रश्न संपला की ती माणसं पुन्हा विसरली जातील.

दुसऱ्या बाजूचं उत्तर होतं, की चिन्ह म्हणजे इतिहासाचं पुस्तक नव्हे. चिन्ह आपण अभिमानानं मिरवतो, पदवीदानाच्या दिवशी लावतो. गुलामांच्या मालकाची खूण अभिमानानं कशी मिरवायची? इतिहास शिकवायला दुसऱ्या जागा आहेत.

दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य होती. राबलेल्यांची आठवण कुठं तरी दिसली पाहिजे. म्हणून सप्टेंबर २०१७ मध्ये, लॉ स्कूलला २०० वर्षं झाली तेव्हा, आवारात एका दगडावर पाटी बसवली. ज्या गुलामांच्या कष्टातून आलेल्या संपत्तीमुळं ही शाळा उभी राहू शकली त्यांच्या सन्मानार्थ, असा तिचा आशय आहे. पाटीवर एकही नाव नाही. बहुतेकांची नावं आज सांगताच येत नाहीत.

ऑगस्ट २०२१ मध्ये लॉ स्कूलचं नवं चिन्ह आलं. वर सत्य हा जुना शब्द, खाली कायदा आणि न्याय या अर्थाचे लॅटिन शब्द. धान्य नाही, घराणं नाही.

पुढं एप्रिल २०२२ मध्ये हार्वर्डनं स्वतःचा गुलामगिरीशी असलेला संबंध तपासून मोठा अहवाल काढला. विद्यापीठाचे प्रमुख, प्राध्यापक आणि कर्मचारी यांनी ७० हून जास्त माणसांना गुलाम म्हणून ठेवलं होतं, असं त्यात नोंदवलं आणि या कामासाठी १० कोटी डॉलर बाजूला काढले.

आपल्याशी याचा धागा

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा आणि महाराष्ट्राचा एक जुना, खरा धागा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला. तो त्यांनी अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केला, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी त्याग केला. पुण्यात बसून जोतीरावांना तिथल्या गुलामांचं दुःख कळलं, कारण इथल्या शूद्रातिशूद्रांचं जिणं त्यांनी जवळून पाहिलं होतं. शेतात कोण राबतो आणि मान कुणाला मिळतो, हा त्यांचाही प्रश्न होता.

आज आपल्या खेड्यापाड्यांतली मुलं पदवी घेतायत. ऊसतोडणीला जाणाऱ्यांच्या घरातही पहिली पदवी येतेय. ती घरी आली की आपण तिला प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ट्रंकेत ठेवतो. ठेवण्याआधी एकदा शिक्का मोबाईलनं मोठा करून बघा आणि मुलांना चार प्रश्न विचारा.

१. शिक्क्यात कोणतं चित्र आहे? पुस्तक, दिवा, चक्र, कमळ, इमारत की धान्य?

२. कडेनं किंवा खाली कोणते शब्द आहेत, कोणत्या भाषेत आणि त्यांचा अर्थ काय?

३. कोणतं साल आहे? ते विद्यापीठ स्थापन झाल्याचं आहे का?

४. हे चित्र कुणी निवडलं, आणि त्यात कोण नाही?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं विद्यापीठाच्या वेबसाईटवर मिळतील. चौथ्यासाठी थोडं खोदावं लागतं.

एका नजरेत

१६३६ : कॉलेजची स्थापना

१६४३ : तीन पुस्तकं आणि सत्य हा शब्द ठरला, वापरात आला नाही

१७८१ : धाकट्या रॉयलचा मृत्यू, हार्वर्डला जमिनी

१७८३ : बेलिंडाचा अर्ज

१८१७ : लॉ स्कूल सुरू

१८३६ : जुनं रेखाटन दप्तरात सापडून पुन्हा लोकांपुढं

१८८५ : सत्य आणि धार्मिक शब्द दोन्ही असलेली मुद्रा

१९३७ : लॉ स्कूलच्या चिन्हावर पेंढ्या मंजूर

२०१६ : पेंढ्या उतरल्या

२०२१ : लॉ स्कूलचं नवं चिन्ह

मेडफर्डचा रॉयल वाडा आज संग्रहालय आहे. वाड्याला लागूनच गुलामांना ठेवायची इमारतही शाबूत आहे. संग्रहालयाच्या नावात वाडा आणि गुलामांची वस्ती दोन्ही शब्द आहेत. बेलिंडाचा १७८३ चा अर्ज मॅसॅच्युसेट्स राज्याच्या दप्तरात जपून ठेवला आहे, तिच्या खुणेसकट.